नव्व्याण्णव लाख खेळांची पेटी

परभणीहून पूर्णेच्या बाजूला निघालं की मध्ये पिंगळी नावाचं स्टेशन लागतं. 'लागतं' हा पॅसेंजरने जाणाऱ्यांचा शब्द झाला. एक्स्प्रेसने जाणाऱ्यांना ते लागत नाही, नुसतं खिडकीतून सरकतं. आणि त्या वेळी माणूस डब्यातले धपाटे खाण्यात गुंतलेला असला तर तेवढंही नाही. कोकणात कुडाळजवळ चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेली पिंगुळी आहे, ती वेगळी. तिला उकार आहे आणि कीर्ती आहे. आमच्या पिंगळीला दोन्ही नाहीत.

अशा गावच्या माणसाने व्हिडिओ गेमच्या जागतिक बाजारपेठेचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा घरात थोडी काळजी पसरली. टोकियो, न्यूयॉर्क अशा ठिकाणच्या विद्वानांनी करायची ही कामं, असं घरच्या मंडळींचं मत पडलं. माझं म्हणणं उलट आहे. पैठणच्या धरणाचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यात येतो. हा कालवा कसा चालतो हे पैठणला दरवाज्यापाशी उभं राहून कधीच कळत नाही. तिथे पाणीच पाणी असतं आणि इंजिनियर हसतमुख असतात. कालव्याची खरी परीक्षा 'टेल'ला होते, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याच्या बांधावर. बाजाराचंही तसंच आहे. टोकियोत वस्तू मिळते याचं कौतुक ते काय! ती पिंगळीला केव्हा, कशी आणि कोणत्या भावात पोहोचली, हे सांगा.

बाजार कार्यक्षम कधी म्हणायचा, याची व्याख्या अर्थशास्त्राची मंडळी अशी करतात की एकाच वस्तूचा भाव सगळीकडे एकच असावा. फरक राहिलाच तर वाहतुकीचा आणि करांचा. शिवाय खबर सगळ्यांना सारखी मिळावी. आमच्या मामांनी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं, पण हे सगळं त्यांना कापसाने शिकवलं होतं. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस विकायचा तो सरकारी योजनेलाच, असा कायदा. पण शेजारच्या राज्यात भाव चढला की कापसाला रात्री पाय फुटायचे आणि सकाळी तो सरहद्दीपलीकडे सापडायचा. "भावाला सरहद्द कळत नसते बाबा, ती फक्त पोलिसाला कळते," असं मामा म्हणायचे. व्हिडिओ गेमच्या इतिहासाला मी हेच सूत्र लावून पाहिलं आणि ते तंतोतंत बसलं.

आता मूळ पीठाकडे येऊ. जपानात क्योटो शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने पत्ते करण्याचा कारखाना काढला. 'हानाफुदा' नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते. कारखान्याचं नाव निन्टेन्डो. याच सुमाराला आपल्या सावंतवाडीलाही पत्ते होते: गंजिफा. गोल, लाखेचे, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफ्याचे तर एकशेवीस पत्ते. कलाकुसरीत आमचे पत्ते क्योटोला हार जाणारे नव्हते. पण पुढे क्योटोच्या पत्तेवाल्याने खेळणी केली, विजेची खेळणी केली आणि शेवटी टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र केलं. सावंतवाडीचे पत्ते दिवाणखान्यात काचेच्या कपाटात बसले, आणि तेसुद्धा राजघराण्याने कळकळीने जीव लावला म्हणून. पाहुण्यांना दाखवायचे, खेळायचे नाहीत. मराठी माणसाला खेळ करता येत नाही असं कोणी म्हणू नये. करता येतो, मग त्याचा आपण वारसा करतो.

निन्टेन्डोचं ते यंत्र, 'फॅमिकॉम', १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीला आलं. किंमत १४,८०० येन. त्याच वर्षी अमेरिकेत या धंद्याचं दिवाळं वाजलं. अमेरिकेत अटारी नावाची कंपनी जोरात होती. कोणीही उठावं आणि खेळ काढावा, अशी मोकळीक होती. त्यात 'ई.टी.' सिनेमावरचा खेळ १९८२ च्या नाताळसाठी पाच-सहा आठवड्यांत उरकला. आमच्याकडे लग्नाचा मांडवसुद्धा इतक्या घाईत घालत नाहीत. माल पडून राहिला, दुकानं तुंबली आणि न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या उकिरड्यात पुरल्या. २०१४ साली लोकांनी त्या पुन्हा उकरून काढल्या. उकिरडा उकरायला इतिहाससंशोधक जमतात, इतका श्रीमंत तो देश आहे.

त्यानंतर अमेरिकन दुकानदार व्हिडिओ गेमचं नाव काढलं की शटर ओढायचे. निन्टेन्डोने १९८५ साली तिकडे माल नेला तो पेटीत एक छोटा यंत्रमानव घालून, की हे खेळणं आहे हो, व्हिडिओ गेम नाही! आणि एक पक्का बंदोबस्त केला. यंत्रात कुलपाची चिप बसवली. निन्टेन्डोच्या परवानगीची किल्ली असलेलीच कॅसेट चालणार. बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढायचे, कॅसेटी निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या आणि पैसे आधी मोजायचे. मामांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांना एक मिनिटही लागलं नाही. "म्हणजे एकाधिकार खरेदी," ते म्हणाले, "फक्त चुकारे वेळेवर."

पण कुलूप होतं ते अमेरिकेला पाठवलेल्या यंत्राला. जपानच्या मूळ फॅमिकॉमला कुलूपच नव्हतं. घराच्या पुढच्या दाराला भलं थोरलं कुलूप आणि परसदाराला नुसती कडी, असा हा प्रकार. तैवानच्या कारागिरांनी ती कडी काढली. थोड्याच वर्षांत त्यांनी फॅमिकॉमचा सगळा संसार एका चिपवर आणून बसवला आणि जगातल्या ज्या ज्या भागाला मूळ कंपनीने वगळलं होतं, तिथे तिथे त्या चिपा निघाल्या. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला आणि पुढच्याच डिसेंबरात रशियात 'डेंडी' नावाचं यंत्र आलं, हत्तीच्या चित्राचं. रशियन लेकरांना कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं की निन्टेन्डो नावाची काही चीज आहे. पोलंडमध्ये त्याच पेटीचं नाव 'पेगॅसस'. माल एकच, फक्त प्रत्येक स्टेशनावर बारसं वेगळं.

आणि हीच पॅसेंजर गाडी नव्वदच्या दशकात पिंगळीला थांबली.

मामांनी दिवाळीच्या तोंडावर परभणीच्या बाजारातून पेटी आणली. क्विंटलभर कापसाला थोडे कमी पैसे पडले म्हणाले. मामा कुठलीही किंमत कापसातच सांगत. पेटीवर जपानी नाव नव्हतं, चिनी पत्ता नव्हता, हमीचा कागद नव्हता. दोन रिमोट आणि एक बंदूक होती. लाकडी शटरच्या टीव्हीची अँटेनाची तार काढून तिथे पेटीची तार लावायची, म्हणजे बातम्या बंद आणि बदकं सुरू. कॅसेटवर आकडा छापलेला होता: ९९९९९९९ इन १. मामींनी तो एकम् दहम् करत मोजला. नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ! रोज दहा खेळले तरी सत्तावीसशे वर्षं पुरणार होते. प्रत्यक्षात पहिल्या पाच-सहा खेळांनंतर तेच खेळ पुन्हा यायचे, फक्त मारिओच्या सदऱ्याचा रंग बदलून किंवा खेळ मधूनच सुरू होऊन. पण याबद्दल कोणी तक्रार केल्याचं आठवत नाही. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांची सवय असलेल्या समाजाला ही अडचण वाटत नाही.

आता कार्यक्षमता पाहा. क्योटोहून निघालेला खेळ तैवान, मग मुंबई, मग परभणी असा बिनपावतीच्या वाटेने पिंगळीला आला. मुंबईत मनीष मार्केट, लॅमिंग्टन रोड, दिल्लीत पालिका बाजार. या ठिकाणी भाव काय आहे याचा परभणीच्या दुकानदाराला पत्ता असे आणि परभणीचा भाव पिंगळीच्या लेकरांना पाठ. जुनी कॅसेट आणि वर थोडे पैसे दिले की दुसरी कॅसेट मिळे. कॅसेट चालेना तर तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे तंत्रज्ञान जपानपासून ब्राझीलपर्यंतच्या पोरांनी आपापलं शोधून काढलं होतं, आणि पिंगळीची पोरंही मागे नव्हती.

खबरेचं तर काय सांगावं! काझुहिसा हाशिमोतो नावाचा एक जपानी माणूस 'ग्रॅडियस' नावाच्या खेळाची तपासणी करत होता. खेळ त्याला स्वतःलाच जमेना, म्हणून १९८६ साली त्याने त्यात एक गुप्त मंत्र घालून ठेवला: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. हाच मंत्र पुढे 'कॉन्ट्रा' खेळात म्हटला की तिनाचे तीस जीव मिळत. तेव्हा इंटरनेट नव्हतं, खेळांची मासिकं पिंगळीला येत नव्हती, आणि टेलिफोन होता तो ओरडून बोलायचा. तरीही सतराचा पाढा अडणाऱ्या पोरांना हा मंत्र तोंडपाठ होता. जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी परिपत्रक जिथे वर्षवर्ष पोहोचत नाही, तिथे जपानी कंपनीचं गुपित कोणीही न पाठवता पोहोचलं. याहून कार्यक्षम बाजार कोणता दाखवाल?

आता इतर प्रांतांशी तुलना करू. ब्राझीलने बाहेरच्या मालावर जबर कर लावला. तेव्हा टेकटॉय नावाच्या तिथल्याच कंपनीने जपानच्या सेगा कंपनीशी रीतसर करार केला आणि 'मास्टर सिस्टिम' हे यंत्र १९८९ पासून देशातच बनवून विकलं. बाकीच्या जगात ते यंत्र कधीच मोडीत निघालं. ब्राझीलमध्ये ते तीस-तीस वर्षं नव्या नव्या रूपात विकलं गेलं. याची दुसरी बाजूही आहे. २०१३ साली सोनीचं प्लेस्टेशन ४ अमेरिकेत ३९९ डॉलरला आलं, तर ब्राझीलमध्ये ३,९९९ रियालला, म्हणजे तेव्हाच्या दराने अठराशे डॉलरच्या वर. एका वस्तूचा एक भाव, ही व्याख्या ब्राझीलच्या बंदरात शिरताना बुडते.

कोरियात जपानी संस्कृतीच्या मालाला मज्जाव होता. १९९८ पासून तो हळूहळू उठला. पण त्याआधीच हुंदाईने निन्टेन्डोचं यंत्र 'कॉमबॉय' म्हणून आणि सॅमसंगने सेगाचं यंत्र 'गॅमबॉय' म्हणून विकून टाकलं होतं. सोवळ्यातल्या माणसाने चहा चालत नाही म्हणून काढा घ्यावा आणि काढ्यात चहाची पत्ती असावी, तसं. चीनने २००० साली खेळाच्या यंत्रांवर बंदीच घातली, ती २०१४-१५ मध्ये उठली. तिथे फॅमिकॉमच्याच नकलेला टंकलेखनाचे खटके बसवून 'अभ्यासाचं यंत्र' म्हणून विकत. तेच यंत्र पुढे आपल्याकडेही 'कॉम्प्युटर' म्हणून आलं. परीक्षेच्या आधी घेऊन द्या, टायपिंग येईल, असं दुकानदार सांगे. त्यातून किती टंकलेखक तयार झाले याची नोंद नाही. नेमबाज पुष्कळ झाले.

जपानात यंत्र रीतसर आणि स्वस्त. अमेरिकेत रीतसर, पण एकाधिकारात. ब्राझीलमध्ये रीतसर, पण महाग. रशियात, पोलंडमध्ये आणि आमच्याकडे बिनपावतीचं आणि स्वस्त. माल टेलपर्यंत नेण्याची शर्यत लावली तर पहिला नंबर आमच्या चोरबाजाराचाच येईल, यात मला शंका नाही. इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर पिंगळीचा जयजयकार करून मोकळा झालो असतो. पण कालव्याची पाहणी करताना नुसतं पाणी पोहोचलं की नाही एवढंच बघत नाहीत. त्यावर पीक काय आलं, हेही बघतात.

टेकटॉयने ब्राझीलमध्ये नुसती पेटी विकली नाही. तिथल्या मुलांची लाडकी चित्रकथा आहे, मोनिका नावाच्या मुलीची. १९९१ साली टेकटॉयने सेगाचाच एक खेळ घेतला आणि त्यातला वीरपुरुष काढून मोनिकाला उभं केलं. तो खेळ पोर्तुगीज भाषेत बोलू लागला. म्हणजे महागाईने का होईना, खेळ बनवणारी माणसं त्या देशात पगारावर होती. आमच्याकडे जी एक पेटी विकली गेली, तिच्यातून तैवानच्या चिपवाल्याला पैसे मिळाले, मुंबईच्या आणणाऱ्याला मिळाले, परभणीच्या दुकानदाराला मिळाले. खेळ रचणाऱ्याला मिळाला नाही तो एक पैसा. मग परभणीत, औरंगाबादेत, पुण्यात बसून एखाद्या हुशार पोराने विटीदांडूचा खेळ रचावा तरी कोणाच्या जिवावर? तो विकायला ठेवला असता तर आठवड्याच्या आत एक कोटीवा खेळ म्हणून त्याच कॅसेटीत जाऊन बसला असता.

विटीदांडू आला, पण २००९ साली. सोनीच्या प्लेस्टेशन २ साठी 'देसी अड्डा' नावाने आपल्याकडचे खेळ निघाले. त्यात विटीदांडू, कबड्डी, पतंग सगळं होतं. त्याच वर्षी हैदराबादच्या एका कंपनीने बालहनुमानावर खेळ काढला. पण प्लेस्टेशन २ जपानात आलं होतं २००० च्या मार्चमध्ये. जगभर कोट्यवधींनी विकलं जाऊन ते म्हातारं झालं तेव्हा आमची विटी उडाली. ज्याच्या दारासमोर फुकट विटीदांडू आहे त्याने तो पेटीतून विकत घ्यावा अशी अपेक्षा होती, हा भाग वेगळाच.

आता तरी बाजार रीतसर झाला का? झाला. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा व्हिडिओ गेमचं यंत्र २८ टक्क्यांच्या रांगेत, पानमसाल्याच्या शेजारी बसवलं होतं. १ जानेवारी २०१९ पासून त्याला १८ टक्क्यांत आणलं. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत आणि जपानात नोव्हेंबर २०२० मध्ये आलं आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी. फॅमिकॉमच्या वेळी दहा वर्षं लागली होती, आता अडीच महिने! जपानात किंमत ४९,९८० येन. भारतात ४९,९९० रुपये. आकडे असे जुळले की कोणीतरी येनची खूण पुसून रुपयाची काढली असं वाटावं. पण तेव्हा येन होता सत्तर पैशांच्या आसपास. म्हणजे जपान्याला जे पस्तीस हजारांत पडलं, त्याला आपण पन्नास हजार मोजले. कर वजा केला तरी फरक उरतोच.

मी मामांच्या पद्धतीने हिशेब केला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ५,८२५ रुपये. म्हणजे एका पेटीला साडेआठ क्विंटल कापूस. पाऊस बरा झाला तर आमच्या कोरडवाहू रानातलं जवळजवळ दोन एकरांचं पीक! बिनपावतीच्या बाजारात एक क्विंटलही लागला नव्हता; पावतीच्या बाजारात साडेआठ. अर्थात पावतीच्या पेटीत हमीचा कागद आहे, आणि खेळ रचणाऱ्याच्या घरी त्यातले पैसे जातात. हे चांगलंच आहे. फक्त त्यासाठी शेतकऱ्याने कपाशीच्या झाडाला टेकू लावून उभं राहावं लागतं.

म्हणून झालं काय, की रीतसर पेटी पिंगळीला आलीच नाही. २०१६ साली स्वस्त इंटरनेट आलं आणि लेकरांनी पेटीची पायरी वगळून थेट मोबाईलवर उडी मारली. २०१८ पासून पबजी सुरू झालं. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते बंद केलं, तेव्हा पिंगळीच्या पारावर जो शुकशुकाट पडला तो मी पाहिला आहे. पेटीत दोन रिमोट होते, त्यामुळे शेजारी निदान एक माणूस बसलेला असे आणि मागे चार जण 'आता माझी पाळी' म्हणून हातघाईवर आलेले असत. आता सगळ्यांना एकाच वेळी पाळी मिळते. भांडण नाही, वाट पाहणं नाही. कार्यक्षमता म्हणतात ती हीच असेल, तर तिचं काय करायचं हे अर्थशास्त्रात सांगितलेलं नाही.

हा लेख मी मामींना वाचून दाखवला. मामी आता ऐंशीच्या घरात आहेत. जपान, ब्राझील, येन, रियाल सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते नव्व्याण्णव लाख खेळ होते म्हणतोस, त्यात एका तरी खेळात कोणी आपल्यासारखं बोलायचं का रे?"

मी म्हटलं, "नाही मामी, एकातही नाही."

"मग मोजायला कामून लावलंस मला?" असं म्हणून त्या देवापुढे दिवा लावायला उठल्या.